दोन टेबलांमधली फीत

वामन, तू गेल्यापासून तुझ्या आणि माझ्या टेबलांमधली फीत मी कुणाला हलवू दिली नाही. माणसं भेटायला येत होती, धरमपेठेतल्या आपल्या खोलीचा जिना चढून दारात थबकत होती, आणि या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत कमरेएवढ्या उंचीवर ताणलेली ती तपकिरी टेप पाहून आत कसं यावं हे त्यांना कळत नव्हतं. मी सांगायचो, वाका. घरमालक वाकले. तुझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानाचे शेठ पोट सांभाळत वाकले. एका बाईंना वाटलं, हे सुतकातलंच काही असणार, म्हणून त्यांनी फितीला नमस्कार केला. मी त्यांना अडवलं नाही.

दिगंबरच्या डोक्यावर परिणाम झाला, असं सगळे खाली जाऊन म्हणत होते. झालाही असेल. पण त्या फितीवर तुझं उत्तर होतं आणि ते मी अजून ऐकलं नव्हतं. कुणाच्या खांद्याला लागून ती तुटली असती तर जोडता आली असती, हे मला कळतं. ब्लेडनं कापायचं आणि चिकटपट्टीनं जोडायचं, हेच तर आपण जन्मभर केलं. पण उत्तराच्या मधोमध जोड आला असता तर एखादा शब्द गेला असता, आणि तू मुळातच शब्द मोजून खर्च करणारा माणूस.

ही काय भानगड आहे असं लोक मला विचारतात, म्हणून तुझ्यासमोरच एकदा सांगून टाकतो. चुकलं तर तू दुरुस्त करणार नाहीस, याची सवय मला लावून घ्यायची आहे.

तुझ्या टेबलावर एक टेपरेकॉर्डर, माझ्या टेबलावर दुसरा. टेपचं भरलेलं चाक तुझ्याकडे, रिकामं माझ्याकडे. फीत तुझ्या यंत्रातून निघायची, शिंप्याकडून आणलेल्या लाकडी रिळांवरून घरंगळत खोली ओलांडायची आणि माझ्या यंत्रात शिरायची. तू तिच्यावर आवाज भरायचास, मी तो वाजवायचो. म्हणजे तू केलेला आवाज माझ्याकडे यायला वेळ लागायचा. जितकी टेबलं लांब, तितका वेळ जास्त. मग माझ्या स्पीकरमधून निघालेला आवाज पुन्हा तुझ्या माइकमध्ये जायचा, नव्या आवाजात मिसळायचा आणि पुन्हा माझ्याकडे निघायचा. आवाजाचं बटन माझ्या हातात. कमी फिरवलं तर आवाज दोन-तीन फेऱ्यांत मरायचा. जास्त फिरवलं तर अशी किंकाळी उठायची की घरमालक खालून काठी ठोकायचे. या दोहोंच्या मध्ये कुठंतरी एक जागा होती, तिथं आवाज मरतही नाही आणि किंचाळतही नाही, फिरत राहतो. तू त्याला ‘जित्तं ठेवणं’ म्हणायचास. माझ्या हातून ते कधी नीट जमलं नाही. आवाज मेला की तू तुझ्या टेबलावरून नुसता बघायचास. तुझं ते बघणं मला शिव्यांपेक्षा वाईट लागायचं.

दोन्ही यंत्रं एकाच बोर्डावर आणि बोर्ड तुझ्या खुर्चीमागे. सुरू तू करायचं, बंदही तूच करायचं. हे आपण कधी ठरवलं नव्हतं, तशी रीतच पडून गेली होती.

गावी, भिवापुरात, आपल्याला कुंईकुंईवाले म्हणायचे. रेडिओची दोन स्टेशनं एकमेकांत घुसली की जी शिट्टी वाजते, ती ऐकायला तू दहावीत असताना दुपारभर बसायचास, आणि शेवंताताई, तुझी मोठी बहीण, माझ्या आईला विचारायची की या पोराला कुणाला दाखवावं का. तुमची आई वारल्यावर तिनंच तुला वाढवलं, मिरच्या वाळवून खुडायच्या आवारात, सातऱ्यावर बसून. पुढं सातरा तिचाच झाला. मी शेजारचा, म्हणून मलाही तिनं अर्धंमुर्धं वाढवलं. आपण नागपूरला आलो, तू दुकानात लागलास, मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत लागलो आणि तिथून एकसुरी आवाज काढणारा, मोडीत निघालेला ऑसिलेटर उचलून आणला. पहिला टेपरेकॉर्डर कन्हानच्या खाणीतल्या एका साहेबानं बदली होऊन जाताना विकला. त्या दिवशी तू इतका खूश होतास की सायकलवर तो मांडीत घेऊन बसलास आणि सायकल मला मारावी लागली, कामठीच्या उन्हात.

ते ठसक्याचं काम आठवतं? मिरची खुडायला रांगेनं बसलेल्या बायका, नाकातोंडाला फडकी, आणि मध्ये तू माइक धरून. एकीला ठसका लागला की सगळ्यांना लागायचा, मग त्या हसायच्या, मग हसण्यानं पुन्हा ठसका. तू ते सगळं भरून आणलंस आणि त्यातून आपण पाऊण तासाचं काहीतरी बनवलं. नागपुरात एका सभागृहात ते सादर केलं तेव्हा पहिल्या रांगेतले एक प्राध्यापक खोकले. मग त्यांच्या मागचे. मग अख्खं सभागृह. तुझा माइक चालूच होता, त्यामुळे त्यांचा खोकला फितीवरून येऊन थोड्या वेळानं माझ्या स्पीकरमधून त्यांनाच ऐकू आला. लोक भडकले. प्राध्यापक खुर्च्यांखाली वाकून तिखट शोधू लागले. मला पळून जावंसं वाटत होतं आणि तू डोळे मिटून ऐकत होतास, ‘आत्ता पिकून राहिलं’ म्हणत.

पिकणं, वाळणं हे तुझे शब्द. आवाज ताजा असला की तुला आवडायचा नाही. फितीवर लांबून यायला हवा, उन्हात पसरलेल्या मिरचीसारखा वाळायला हवा. म्हणून तुझं एकच पालुपद असायचं, टेबल मांगं घे. सुरुवातीला आपली टेबलं खेटून होती. मग तू ती भिंतीपासून भिंतीपर्यंत नेलीस. तेवढ्यानंही भागेना. माझं टेबल गॅलरीत जावं, गॅलरीतून समोरच्या गच्चीवर जावं, फीत रस्ता ओलांडून यावी, असे तुझे बेत. मी दर वेळी नाही म्हणायचो. धूळ लागेल, वारा लागेल, पतंगाच्या मांज्यात अडकेल, असली कारणं द्यायचो. खरं कारण तुला कधी सांगितलं नाही, आता सांगतो. मला वाजवताना तू समोर दिसायला लागायचास.

आणि भांडणं. भांडायची आपली रीत कुणाला सांगितली तर हसतील. मी भडक डोक्याचा, तू वाक्याच्या मध्ये थांबून विचार करणारा. तू थांबलास की मी तुझं वाक्य माझ्या सोयीनं पुरं करून त्याला उत्तरही देऊन टाकायचो. यावर तू उपाय काढलास. मोठं भांडण असलं की ते तोंडानं करायचंच नाही, मशीनमधून करायचं. तू गळ्यातला दुपट्टा डोक्यावर घेऊन, वाफारा घेतल्यासारखा माइकवर वाकायचास आणि तुझं म्हणणं हळू आवाजात भरायचास. कूलरच्या घरघरीत मला काही ऐकू यायचं नाही. मी माझ्या टेबलाशी बसून फितीकडे बघत राहायचो. तुझं म्हणणं रिळांवरून माझ्याकडे येतंय हे दिसायचं आणि काही करता यायचं नाही. ते पोचलं की मी बटन उघडं ठेवायचं म्हणजे मान्य, बंद करायचं म्हणजे अमान्य. एकदा सांगितलेलं तू पुन्हा सांगायचा नाहीस. अशा रीतीनं आपण कितीतरी वर्षं एकमेकांचा गळा न धरता राहिलो.

या उन्हाळ्यात तू दर रविवारी भिवापूरला जात होतास. ताईला दिसेनासं होत चाललंय, हे तू मला एकदाच सांगितलंस आणि विषय बदललास. सोमवारी तुझ्या पिशवीला मिरचीचा वास यायचा. खोलीत येऊन तू तुझ्या यंत्राचे पेच घट्ट करायचास, न सैल झालेलेसुद्धा. मला कळत होतं. कळत असताना न विचारणं मला फार दिवस जमत नाही. त्या दुपारी मी विचारलं.

“तू भिवापूरले चालला का? कायमचा?”

तू पेच फिरवत राहिलास. मीच पुढं बोलत सुटलो. हे सगळं कुणासाठी मांडलं, एकट्यानं हे होतं का, दोन टोकं लागतात याला, तुझ्याशिवाय मी इथं काय या चाकाकडे बघत बसू. तू सगळं ऐकत होतास. मी बोलत असतानाच उठून स्विच पाडलास, यंत्रं सुरू झाली, आणि दुपट्टा हातात घेत म्हणालास, “इथून सांगतो.”

तू दुपट्ट्याखाली गेलास. तुझी पाठ बोलताना हलत होती एवढंच मला दिसत होतं. बराच वेळ बोललास, तुझ्या मानानं. मी बटनावर हात ठेवून बसलो होतो. काहीही आलं तरी बंद करायचं, हे मी ठरवून टाकलं होतं. फितीवर तुझं म्हणणं खोलीच्या मध्यावर आलं असेल आणि लाईन गेली. कूलर घरघरत थांबला. दोन्ही चाकं मंद होऊन उभी राहिली. तू दुपट्ट्यातून डोकं बाहेर काढलंस, घामानं निथळत, आणि आपण दोघं त्या फितीकडे पाहिलं.

मी म्हटलं, आता तोंडानं सांग. तू मान हलवलीस. लाईन आली की मोटरला झटका बसतो म्हणून तू स्विच वर केलास आणि म्हणालास, “येईन ना गा लाईन. आयकशील. मी रस पिऊन येतो.”

खाली रसवंतीवर तू ग्लास हातात घेतलास आणि तिथंच खाली बसलास, असं रसवाल्यानं सांगितलं. त्याची हाक मी वर ऐकली. मी पोचलो तेव्हा तू होतास आणि नव्हतास. डॉक्टरनं हृदयाचं काहीतरी नाव सांगितलं. माझ्या डोक्यात मात्र एकच चाललं होतं, की हा माणूस उत्तर अर्ध्या वाटेत ठेवून गेला. मला तुझा राग आला, वामन. स्मशानातही आला. रडू नंतर आलं.

शेवंताताई त्याच संध्याकाळी आली. तिला फीत दिसत नव्हती, मी तिचा हात धरून तिला वाकवून आत आणलं आणि तुझ्या खुर्चीवर बसवलं. काय झालं, कसं झालं ते सांगताना फितीचंही सांगितलं. सांगायला नको होतं असं लगेच वाटलं, कारण ती एकदम सरळ बसली. तू तिला म्हणाला होतास म्हणे, दिगूला विचारतो, मग तुला सांगतो. म्हणजे तीही तुझ्या तोंडाकडे डोळे लावून होती. आम्ही दोघं तुझ्या एकाच वाक्याची वाट पाहत होतो आणि दोघांना त्यात वेगवेगळं काही हवं होतं. तिला तू येणार असायला हवा होतास. मला तू राहणार असायला हवा होतास. तू मात्र दोघांनाही पुरा न पडता निघून गेला होतास.

मी तिला सांगितलं, तेरवी होईपर्यंत काही वाजवायचं नाही. ते तिला पटलं. मी मात्र भीतीनं थांबलो होतो. ऐकलं नाही तोवर तू गेलाही नव्हतास आणि राहिलाही नव्हतास. ऐकल्यावर तू दुसऱ्यांदा जाशील, आणि या वेळी आपण होऊन, हे मला सहन होणार नव्हतं.

तेरवीपर्यंतचे दिवस आम्ही एकमेकांवर लक्ष ठेवून काढले. मी खाली गेलो तर परत येताना जिना पळत चढायचो. घरमालक येऊन म्हणाले की तेरवी झाली की खोलीचं काय ते बघू, हे दोरेबिरे उतरवा आता. मी हो म्हटलं. एका सकाळी मी चहा घेऊन आलो तर ताई उभी होती आणि चाचपडत फितीवर बोट फिरवत होती, तुझ्या टेबलाकडून माझ्या टेबलाकडे. मी इतक्या मोठ्यानं ओरडलो की माझा चहा सांडला.

ती हात काढेना. म्हणाली, “माह्या भावाचं हाय ते.”

“माह्यासाठी हाय ते,” मी म्हटलं.

तिनं बोट उचललं. मग हळूच म्हणाली, “कुठं असंन गा तो आत्ता? इथं का इथं?” आणि बोट न टेकवता हवेतच पुढं-मागं केलं. मला तिथं उभं राहवेना. दुसरा चहा आणायच्या निमित्तानं मी खाली गेलो.

काल, तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मी म्हटलं, ऐकू. ताई तुझ्या खुर्चीवर, मी माझ्या. स्विचवर तिचा हात मीच नेऊन ठेवला. परत माझ्या टेबलाशी आलो, बटनावर हात ठेवला, आणि मला दिसलं की माझा हात बंद करायच्या बाजूला आहे. तेरा दिवसांत तो तिथून हललेला नव्हता. मी ते उघडलं. जे असेल ते असो म्हटलं.

“पाड,” मी सांगितलं. तिनं पाडला.

चाकं फिरली. आधी माझाच आवाज आला, तुझ्यावर खेकसणारा, कारण स्विच पाडलास तेव्हा मी अजून बोलतच होतो. मग दुपट्टा सावरल्याची खसखस. मग तू.

“दिगू, मी भिवापूरले चाललो. ताईले दिसत नाही आता.”

ताईच्या तोंडून “ये बाप्पा, ये” असं निघालं. मी मान खाली घातली. पण तू थांबला नव्हतास. तू थांबलास की मी तुझं वाक्य पुरं करतो, तसंच मी आताही केलं होतं.

“माह्यं मशीन नेऊन राहिलो. तुह्यं इथंच राहू दे. मी तिकडं भरीन आन् यष्टीनं चाक धाडीन, तू इथं वाजवजो. तू भरलं का मले धाडजो. फीत तीच हाय गा. मी टेबल थोडं मांगं घेऊन राहिलो, बाकी काही नाही.”

लाईन जाताना तुझी मोटर मंदावली होती. त्यामुळे शेवटचे ‘काही नाही’ हे शब्द फितीवर आखडून भरले गेले होते आणि आता पक्ष्यासारखे चिरकत, घाईनं बाहेर आले. ताईला एकदम हसू फुटलं. तुला मिसरूड फुटायच्या आधीचा आवाज होता तो, ती म्हणाली. हसता हसता ती रडायला लागली आणि मीही लागलो. मला तू राहायला हवा होतास. तू राहत नव्हतास. पण तू मला सोडतही नव्हतास, आणि हे तू इतक्या साधेपणानं सांगितलं होतंस, जसं काही आपण गेली कित्येक वर्षं याच्याचबद्दल भांडत होतो. भांडत होतोच. माझ्याच लक्षात आलं नव्हतं.

आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. चाकं फिरत होती. आणि खोलीत पुन्हा तुझा आवाज आला.

“दिगू, मी भिवापूरले चाललो...”

ताई दचकली. मीही. मग माझ्या ध्यानात आलं. तुझ्या यंत्राचा भरायचा खटका मी वर केलाच नव्हता. तू गेलास तेव्हा होता तसाच तो दाबलेला होता आणि तुझा माइक रिकाम्या दुपट्ट्याजवळ चालू होता. शिकाऊ पोरगाही करणार नाही अशी चूक. माझ्या स्पीकरमधून निघालेलं तुझं बोलणं पुन्हा माइकमध्ये गेलं होतं आणि खोली ओलांडून परत आलं होतं. आता त्यात ताईही होती. तू म्हणालास चाललो, आणि ती म्हणाली, ये बाप्पा, ये. तू पुढं बोलत राहिलास. शेवटी तिचं हसू आलं, मग आमचं दोघांचं रडणं.

तिसऱ्या फेरीला तू जरा दूर गेल्यासारखा वाटलास. कडेचे शब्द झिजले होते. मी काहीएक न ठरवता बटन केसभर फिरवलं. तुझ्या आवाजाखालून किंकाळीची सुरुवात ऐकू आली, तसं केसभर मागं घेतलं. चौथ्यांदा तू आलास तो तेवढाच आलास. पाचव्यांदाही. शब्द आता नीट कळत नव्हते, पण तुझी चाल कळत होती, ते मध्ये थांबणं, पुन्हा उचलणं, आणि ताईचं ये बाप्पा बरोबर त्याच जागी. वाळत होतं, वामन. माझा हात हलत नव्हता.

ताईनं पदरानं तोंड पुसलं. समोरच्या यंत्रावर तळवा ठेवून ते फिरताना कसं थरथरतं ते बघितलं. म्हणाली, हे आता माझ्याकडे येणार ना. मी म्हटलं, येईल, तसंच सांगितलंय त्यानं. भरायला शिकवशील का, तिनं विचारलं. मी हो म्हटलं. मग तिचा हात चाचपडत मागच्या बोर्डाकडे गेला.

“बंद करू का गा?”

“थांब ना ताई,” मी म्हटलं. “आत्ता कुठं जमून राहिलं.”